गरोदरपणातलं वाढतं बी.पी. वेळेत पकडायला सिस्टरना कसं शिकवायचं

उपकेंद्राचं एएनसी (गरोदरपणातल्या तपासणीचं) रजिस्टर उघडा आणि मागच्या तीन महिन्यांचा बी.पी.चा रकाना वरून खाली वाचत जा. १२०/८०, ११०/७०, १२०/८०, १२०/८०, ११०/७०. इतक्या बायकांचं बी.पी. असं एका साच्यातलं कधीच नसतं. काटा नीट वाचला गेलेला नाही, किंवा पट्टा बांधलाच गेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशाच एखाद्या रजिस्टरमधली बाई आठव्या महिन्यात झटके येत असताना काळीपिवळीतून आणली जाते, आणि तिच्या कार्डावर शेवटचं बी.पी. १२०/८० सापडतं.

प्रशिक्षणं होत नाहीत असं नाही. तालुक्याला हॉल भरतो, पडद्यावर वारेची चित्रं दिसतात, लेखी परीक्षेत बहुतेक जणी पास होतात, आणि पुढच्या आठवड्यात रकाना पुन्हा तसाच भरला जातो. आजाराची माहिती सिस्टरांना, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य सेविकांना, असते. कमी पडतो तो हाताचा सराव, भरवशाचं साधन आणि आकडा दिसल्याबरोबर पाऊल उचलण्याची सवय. पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी, आरोग्य सहायिकेनं किंवा नर्सिंग ट्यूटरनं घ्यावेत, आणि क्रम बदलू नये.

सुरुवातीलाच सगळ्यांना पक्कं ठाऊक हवं ते एवढंच: गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर बी.पी. नव्यानं १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं, आणि सोबत लघवीत प्रोटीन आलं किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट, मेंदू यांपैकी कशावर परिणाम दिसू लागला, की तो प्री-एक्लॅम्प्सिया. झटके आले की एक्लॅम्प्सिया. वरचा आणि खालचा यांपैकी एकच आकडा वाढला तरी तो वाढलेलाच धरायचा. सुरुवातीला बाईला काहीही त्रास होत नाही, त्यामुळे ती आपण होऊन सांगायला येणार नाही. शोधायचं आपल्यालाच आहे.

## टप्पा १ : बॅच बोलावण्याआधीची तयारी

एका बॅचमध्ये आठ-दहाच जणी घ्या. जास्त झाल्या की मागच्या रांगेतल्यांचा हात पट्ट्याला लागतच नाही. जागा प्राथमिक आरोग्य केंद्राचीच ठेवा आणि दिवस असा निवडा की तपासणीला गरोदर बाया आलेल्या असतील. महिन्याच्या ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, गर्दी फार असते. त्या दिवशी शिकवणं होत नाही. दुसरा एखादा एएनसीचा वार बरा.

प्रत्येक सिस्टरला सांगा की तुझ्या उपकेंद्रातलं बी.पी.चं यंत्र, पट्टा, स्टेथोस्कोप, लघवी तपासायच्या पट्ट्यांची बाटली आणि एएनसी रजिस्टर, सगळं घेऊन ये. आरोग्य केंद्रातल्या नव्याकोऱ्या यंत्रावर शिकून ती परत आपल्या जुन्या यंत्राकडेच जाणार असते.

पहिला तास यंत्रांसाठी ठेवा:

- हवा नसताना डायलचा काटा शून्यावर आहे का? नसेल तर ते यंत्र बाजूला.
- पट्टा बाटलीभोवती गुंडाळा, २०० पर्यंत हवा भरा, स्क्रू बंद ठेवा. काटा आपोआप घसरत असेल तर नळीला किंवा व्हॉल्व्हला गळती आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर चिरतंच.
- खात्रीचं एक यंत्र घ्या, दोन्ही नळ्या जोडून सोबत चालवा. दोन्हींत ४ मि.मी.पेक्षा जास्त फरक पडला तर यंत्र दुरुस्तीला.
- डिजिटल यंत्र असेल तर ते गरोदर स्त्रियांमध्ये तपासून प्रमाणित झालेलं आहे का ते बघा. प्री-एक्लॅम्प्सियात काही डिजिटल यंत्रं खरं बी.पी. असतं त्यापेक्षा कमी दाखवतात.

पट्ट्याच्या मापाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मोठ्यांचा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सें.मी. घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडाला तो बांधला तर बी.पी. खोटं वाढलेलं दिसतं, हे बहुतेकींना माहीत असतं. उलट बाजू मात्र ध्यानात येत नाही. आपल्या भागात लवकर लग्न झालेल्या, अंगानं किरकोळ मुली पहिलटकरीण म्हणून येतात. त्यांचा दंड २२ सें.मी.पेक्षा बारीक असेल तर तोच पट्टा बी.पी. खोटं कमी दाखवतो. पहिलटकरणीला या आजाराचा धोका जास्त, आणि नेमकं तिचंच बी.पी. हातातून निसटतं. म्हणून दंडाचा घेर मोजायची टेप आणि लहान मापाचा एक पट्टा प्रत्येक उपकेंद्राला मिळवून द्या. तोपर्यंत घेर २२ च्या आत असेल तर तो कार्डावर लिहायचा आणि त्या मुलीला डॉक्टरांकडे योग्य मापाच्या पट्ट्यानं तपासून घ्यायचं.

तपासा: भाषण सुरू करण्याआधी एकाच बाईचं बी.पी. सगळ्या जणींना एकामागून एक घ्यायला लावा, मध्ये एक-दोन मिनिटं सोडून. प्रत्येकीनं आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यायचा. चिठ्ठ्या फळ्यावर मांडल्या की फरक सगळ्यांना दिसतो. कुणाचं नाव घेऊ नका.

## टप्पा २ : बी.पी. मोजणारा हात बसवणं

पहिल्या दिवसाचा उरलेला सगळा वेळ याला द्या. बाकी सगळे निर्णय या आकड्यावर उभे राहणार आहेत.

१. बाईला बसवा. ती वस्तीवरून चालत आलेली असते, नाहीतर जीपमध्ये दाटीवाटीनं. किमान पाच मिनिटं शांत बसू द्या. लघवीला जाऊन आलेली असावी. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मिश्री घेतलीय का ते विचारा. मिश्रीचं कुणी आपणहून सांगत नाही, सासूसमोर तर नाहीच.

२. बैठक. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. उपकेंद्रात बहुतेक वेळा स्टूल असतं, त्याला पाठ नसते. ते भिंतीला लावा.

३. दंड उघडा करा. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर वर सरकवून गोळा करू नका, त्यानं दंड आवळला जातो. हात बाहीतून बाहेर काढायला लावा. त्यासाठी पडदा हवा, आणि तो तयारीच्या यादीतच घाला.

४. हात हृदयाच्या पातळीवर. टेबलावर टेकवलेला. लोंबता हात बी.पी. वाढवून दाखवतो.

५. पट्टा कोपराच्या घडीपासून दोन-तीन सें.मी. वर, नळी आतल्या बाजूच्या नाडीवर येईल असा.

६. आधी नाडीवर. मनगटाची नाडी धरून हवा भरा, नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवा. हवा सोडा, थोडं थांबा.

७. मग स्टेथोस्कोपनं. त्या आकड्याच्या वर ३० पर्यंत भरा आणि सेकंदाला २ मि.मी. या वेगानं उतरवा. पहिला ठोका म्हणजे वरचा आकडा. आवाज पूर्ण बंद होतो तो खालचा. काही गरोदर बायांत आवाज शून्यापर्यंत येतच राहतो. तिथं आवाज मऊ पडतो तो आकडा घ्यायचा.

८. दिसेल तोच आकडा लिहा. १३६/८८ दिसला तर १३६/८८. हातानं मोजलेला आकडा समसंख्येत येतो, त्याला १४० किंवा १३० करायचं नाही.

९. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं घ्या. जिथं जास्त, तो हात कार्डावर लिहा आणि पुढं तोच वापरा.

सहावी पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. काही बायांत वरचे ठोके ऐकू येऊन मध्येच थोडं अंतर गायब होतात. ही पायरी गाळली की हवा त्या गायब जागेपर्यंतच भरली जाते आणि आपण वरचा आकडा बराच कमी लिहून बसतो. दुसरी नेहमीची चूक हवा भसकन सोडण्याची. बाहेर रांग असते, हात आपोआप घाई करतो. हे सांगून सुटत नाही. घड्याळ समोर ठेवून हवा सोडायला लावा.

शिकवणारीनं दोन जोड्यांचा टीचिंग स्टेथोस्कोप वापरावा, म्हणजे दोघींना तेच ठोके ऐकू येतात आणि चूक कानात आहे की हातात ते लगेच कळतं. आकडे दोघींनी न सांगता लिहायचे. सलग पाच बायांत फरक ४ मि.मी.च्या आत आला की ती सिस्टर पास. नाही आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. इथं घाईनं कुणाला पुढं ढकलू नका.

सावध: बाईला डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताचं बी.पी. घेतलं तर ते कमी येतं. वाढलेलं आलं म्हणून ‘जरा कुशीवर झोप, परत बघू’ असं करून कमी आलेला आकडा लिहिण्याची पद्धत अनेक ठिकाणी मुरली आहे. हे तिथल्या तिथं थांबवा. पुन्हा मोजायचं तर बसवूनच.

## टप्पा ३ : लघवीतलं प्रोटीन

बी.पी. कितीही असो, प्रत्येक भेटीला लघवी तपासायचीच.

बाईला स्वच्छ, कोरडी बाटली द्या. सुरुवातीची धार सोडून मधली धरायला समजावून सांगा. अंगावरून पांढरं किंवा रक्त जात असेल तर ते मिसळून प्रोटीन खोटं दिसू शकतं, म्हणून आधी पाण्यानं स्वच्छ धुवायला सांगा. पट्टीच्या रंगाच्या चौकोनाला बोट लावू नका, पट्टी बुडवून लगेच काढा, बाटलीच्या कडेला जास्तीची लघवी निथळू द्या, आणि बाटलीवर छापलेल्या वेळेनंतरच रंग जुळवा. बऱ्याच पट्ट्यांत प्रोटीनसाठी ही वेळ ६० सेकंदांची असते, पण तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. रंग दिवसाच्या उजेडात जुळवा.

पट्ट्यांची बाटली उघडी राहणं ही इथली मोठी अडचण आहे. ओल लागली किंवा एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली बाटली तापली की पट्ट्या बाद होतात आणि सगळ्यांची लघवी ‘नील’ येत राहते. झाकण लगेच घट्ट लावायचं, आतली ओल शोषणारी पुडी काढायची नाही, उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची.

पट्ट्या संपल्या असतील तर काम अडत नाही. परीक्षानळी पाऊण भरा, वरचा भाग तापवा. गढूळपणा आला तर ॲसेटिक ॲसिडचे काही थेंब टाका. गढूळपणा गेला तर तो फॉस्फेटचा होता, टिकला तर प्रोटीन आहे.

सरावासाठी चार बाटल्या तयार करा: एकीत नुसतं पाणी, बाकीच्यांत अंड्याचा पांढरा भाग कमी-जास्त मिसळलेला. बाटल्यांवर फक्त खुणेचे आकडे. प्रत्येकीनं ‘नील’, १+, २+, ३+ ओळखून लिहायचं.

सावध: लघवी ‘नील’ आली म्हणून वाढलेलं बी.पी. माफ होत नाही. प्रोटीनशिवायही प्री-एक्लॅम्प्सिया असतो, आणि प्रोटीन येण्याआधी झटके आलेल्या बायाही असतात.

## टप्पा ४ : विचारायचं काय, आणि कुणावर नजर ठेवायची

‘काही त्रास आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. प्रश्न सुटे विचारायचे: डोकं दुखतं का, गोळी घेऊनही थांबत नाही का? डोळ्यापुढं अंधारी येते का, काजवे चमकतात का, धुरकट दिसतं का? छातीच्या खाली, बरगडीपाशी उजव्या बाजूला दुखतं का? उलट्या पुन्हा सुरू झाल्या का? दम लागतो का? लघवी कमी होते का? बाळाची हालचाल कमी वाटते का?

बाई हे आपल्या शब्दांत सांगते. ‘पित्त खवळलंय’, ‘काळजापाशी जळजळतंय’, ‘ऊन लागलंय वाटतं, डोकं ठणकतंय.’ सातव्या महिन्यानंतर अशी तक्रार आली की ॲसिडिटीची गोळी देण्याआधी बी.पी. आणि लघवी. हा नियम सिस्टरपुरता ठेवू नका, आशाताईलाही शिकवा, कारण पित्ताची गोळी आधी तिच्याकडे मागितली जाते. तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी आशा असेल तर प्रश्न तिच्याकडून त्या बोलीत विचारून घ्या.

सुजेबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. पायावर थोडी सूज बहुतेक गरोदर बायांना येते, त्यावरून निदान होत नाही, आणि सूज नाही म्हणून आजार नाही असंही नाही. चेहरा किंवा हात सुजले, बांगड्या अचानक रुतायला लागल्या, एका महिन्यात वजन ३ किलोपेक्षा जास्त वाढलं, तर मात्र लगेच बघायचं. वजन प्रत्येक वेळी त्याच काट्यावर घ्या.

नोंदणीच्या दिवशीच कार्डावर खूण करायच्या बाया: पहिलटकरीण, मागच्या खेपेला बी.पी. वाढलेली किंवा झटके आलेली, आधीपासून बी.पी., साखर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली, जुळी असलेली, वजन फार जास्त असलेली, पस्तिशी ओलांडलेली, मागचं मूल होऊन दहा वर्षं झालेली, आईला किंवा बहिणीला हाच त्रास झालेली. यातल्या जास्त धोक्याच्या बायांना १२ आठवड्यांनंतर लवकरच कमी मात्रेतली ॲस्पिरिन सुरू करायची का हे डॉक्टर ठरवतात, म्हणून तिला त्यांच्याकडे वेळेत पोचवणं सिस्टरच्या हातात आहे. पाचव्या महिन्यानंतर पाठवून त्याचा फारसा उपयोग होत नाही. कॅल्शियम मात्र सगळ्यांनाच, ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून. लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घ्यायची नाही, मध्ये दोन तास तरी जाऊ द्यायचे.

बारा आठवड्यांच्या आत घेतलेलं पहिलं बी.पी. लाल शाईनं लिहा. मधल्या महिन्यांत बी.पी. स्वाभाविक थोडं उतरतं. ज्या मुलीचं पहिलं १००/६० होतं आणि आता १३२/८६ आहे, तिचा आकडा अजून १४०/९० च्या आत असला तरी तिला महिन्यानं बोलवायचं नाही, आठवड्यात बोलवायचं.

## टप्पा ५ : आकडा आला, आता काय करायचं

इथं सिस्टर एकटी पडते. डॉक्टर रागावतील, नातेवाईक म्हणतील उगाच घाबरवते, आणि मग तिसऱ्यांदा मोजून १३८ लिहिलं जातं. म्हणून नियम भिंतीवर लावा आणि त्याखाली डॉक्टरांची सही घ्या.

१४०/९० ते १५९/१०९, लघवी नील, एकही लक्षण नाही: पंधरा मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तरी वाढलेलं असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांकडे. निदान पक्कं करायला चार तासांच्या अंतरानं दोनदा मोजावं लागतं. ते उपकेंद्रात जमत नसेल तर तिला पाठवा, घरी पाठवून पुढच्या महिन्याची तारीख देऊ नका.

१४०/९० च्या वर आणि लघवीत प्रोटीन १+ किंवा जास्त, किंवा एक तरी लक्षण: आजच. प्लेटलेट, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी होईल अशा ठिकाणी, गाडीनं, सोबत माणूस देऊन.

१६०/११० किंवा वर: पंधरा मिनिटांत पुन्हा मोजा आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन. दुसऱ्या आकड्याची वाट बघत १०८ ला फोन करायचं थांबवू नका.

काही सवयी मोडाव्याच लागतात. ‘मीठ बंद कर, आराम कर’ एवढं सांगून घरी पाठवणं हा उपचार नव्हे. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी देणं घातक आहे. आकडा वाढलेला असताना बाईलाच एकटीला सांगणंही पुरत नाही. गाडी, पैसे, सोबत हे घरात दुसरं कुणी ठरवत असतं, त्यामुळे नवऱ्याला किंवा सासूला समोर बसवून सांगा: ‘मावशी, हिचं बी.पी. वाढलंय, आज दवाखान्यात न्यायलाच हवं, उद्या नाही.’

## टप्पा ६ : गंभीर बाई आणि झटका, पहिली दहा मिनिटं

तोंडी शिकवू नका, ड्रिल घ्या. एक सिस्टर रुग्ण होते, एक नातेवाईक होऊन आरडाओरडा करते, बाकीच्या काम करतात. घड्याळ चालू.

झटका सुरू असताना: कुशीवर वळवा, खाली पडू देऊ नका, तोंडातला फेस पुसा, ऑक्सिजन असेल तर लावा, मदतीला हाक मारा. दातांत चमचा घालायचा नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायला कुणी पुढं आलं तर शांतपणे बाजूला करा. ‘अंगात आलंय’ म्हणून देवळात नेऊ पाहणाऱ्यांना हा बी.पी.चा झटका आहे, इंजेक्शन आहे, एवढंच सांगा.

मग मॅग्नेशियम सल्फेट. उपकेंद्रातून पाठवण्याआधी आरोग्य सेविकेनं द्यायचा पहिला डोस १० ग्रॅमचा, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत. ५० टक्के तीव्रतेच्या २ मि.ली. अँपुलमध्ये १ ग्रॅम असतो, म्हणजे एका बाजूला ५ अँपुल, १० मि.ली. त्याच सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन १ मि.ली. घेतलं तर दुखणं कमी होतं. अँपुलवरची तीव्रता दोघींनी मोठ्यानं वाचायची, मगच भरायचं. झटका आलेला नसला तरी बी.पी. १६०/११० च्या वर आणि डोकेदुखी, अंधारी, पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं असेल, तर डॉक्टरांशी बोलून हाच डोस.

पहिल्या डोसची भीती सगळ्यांना वाटते. या मात्रेत तो सुरक्षित आहे. न देता तीन तासांच्या प्रवासाला लावणं जास्त धोक्याचं आहे. पुढचा डोस जिथं दिला जाईल तिथं आधी तीन गोष्टी बघतात: श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, गुडघ्याखाली हलकेच ठोकल्यावर पाय उडतोय, लघवी तासाला निदान ३० मि.ली. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मि.ली., शिरेतून हळूहळू.

बी.पी. उतरवायला डॉक्टरांनी निफेडिपिन १० मिलिग्रॅम सांगितली तर गोळी गिळायला द्यायची. जिभेखाली ठेवायची नाही, कॅप्सूल फोडायची नाही. पुरती शुद्ध नसेल तर तोंडानं काहीही नाही.

हे सगळं सामान एका लाल डब्यात, कुलूप न लावता. १० पेक्षा जास्त अँपुल, २० मि.ली.च्या सिरिंज, सुया, लिग्नोकेन, कॅल्शियम ग्लुकोनेट, कॅथेटर, युरोबॅग, सलाइनचा सेट. झाकणाच्या आत डोस मोठ्या अक्षरांत. मुदती दर महिन्याच्या ८ तारखेला बघायच्या.

तपासा: ड्रिलमध्ये हाक मारल्यापासून दोन्ही इंजेक्शनं होईपर्यंत दहा मिनिटांत काम झालं का? अँपुल फोडण्यातच वेळ जातो. दोघींनी मिळून फोडायच्या.

पाठवताना मधले थांबे टाळा. गावाहून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, आणि मग अंबाजोगाई किंवा घाटी, अशा साखळीत जीव जातो. आज रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ, भूल देणारे आणि रक्त कुठं आहे हे फोन करून विचारा आणि थेट तिथं पाठवा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, संभाजीनगरचं घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरचं वैद्यकीय महाविद्यालय, यांपैकी तुमच्या गावाहून जवळचं कोणतं हे आधीच लिहून ठेवा. चिठ्ठीवर बी.पी. आणि वेळ, लघवी, किती आठवडे, काय डोस, किती वाजता. वेळ न लिहिलेला डोस पुढच्या ठिकाणी पुन्हा दिला जाऊ शकतो.

## टप्पा ७ : बाई गाव सोडते तेव्हा

सातव्या महिन्यात ओटी भरते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. आजार डोकं वर काढतो तेव्हाच. सासरच्या रजिस्टरमध्ये तिच्यापुढं ‘माहेरी गेली’ लिहिलं जातं, माहेरच्या सिस्टरला ती आलीय हे कळत नाही. महिना-दीड महिना कुणीच पट्टा बांधत नाही. सातव्या महिन्याच्या भेटीतच विचारा: कुठं जाणार, कधी? माहेरच्या उपकेंद्राचा फोन काढून सिस्टरला स्वतः कळवा, आरसीएच नंबर (बाईचा सरकारी नोंदणी क्रमांक) द्या. माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर शेवटचं बी.पी. तारखेसह लिहा आणि त्या पानाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काढून द्या. कार्ड घरी राहिलं तरी फोटो सोबत असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं गणित वेगळं. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. दसऱ्याला जिला तिसरा महिना आहे ती पाडव्याला नवव्यात असेल. म्हणजे धोक्याचे सगळे आठवडे कारखान्याच्या कोप्यांवर (ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांत) जाणार. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, थांबणं तिच्या हातात नसतं. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच आशाकडून यादी करून घ्या: कोण जाणार, कितवा महिना, कुठला कारखाना, मुकादमाचा फोन. निघण्याआधी बी.पी., लघवी, हिमोग्लोबिन, कॅल्शियम-लोहाच्या पुरेशा गोळ्या. पुढं महिन्यातून एकदा फोन करून टप्पा ४ मधलेच प्रश्न विचारायचे, आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला तिचं नाव कळवायचं. धोक्याची खूण असलेल्या बाईनं जाऊच नये यासाठी घरच्यांशी बोलणं हेही सिस्टरचंच काम, आणि त्यात डॉक्टरांनी, सरपंचांनी सोबत बसावं.

## टप्पा ८ : बाळंतपण झालं तरी पट्टा सोडायचा नाही

झटके बाळंतपणानंतरही येतात, कधी बी.पी. आधी कधीच वाढलेलं नसताना. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान बी.पी. पुन्हा चढतं, आणि तोवर बाई घरी, बाळंतिणीच्या खोलीत. आशाच्या तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या गृहभेटीला सिस्टरनं यंत्र घेऊन जावं. डोकेदुखीला ‘वारं लागलं’ म्हणून कान बांधण्यावर भागवू नये. सहा आठवड्यांपर्यंत नजर ठेवायची.

सावध: बी.पी. वाढलेल्या बाईला बाळंतपणात रक्तस्राव थांबवायला मेथर्जिन देऊ नका, त्यानं बी.पी. आणखी चढतं. ऑक्सिटोसिन वापरा.

## टप्पा ९ : महिन्यानं उपकेंद्रावर जाऊन बघणं

प्रमाणपत्र वाटून प्रशिक्षण संपवू नका. महिन्यानं आणि मग तीन महिन्यांनी आरोग्य सहायिकेनं प्रत्येक उपकेंद्रावर जावं. रजिस्टरमधल्या शेवटच्या वीस-तीस नोंदींचे शेवटचे अंक बघावेत. अजूनही बहुतेक शून्यावरच संपत असतील तर त्या सिस्टरसोबत बसून, तिच्याच यंत्रावर, दोन जोड्यांच्या स्टेथोस्कोपनं पुन्हा पाच बाया तपासाव्यात. लाल डबा उघडावा, अँपुल मोजाव्यात, पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण बघावं. न सांगता एक ड्रिल घ्यावं.

तालुक्यात कुणाला झटके आले तर त्या बाईचं कार्ड मागवून मागच्या सगळ्या भेटी तारखेनं मांडाव्यात. कुठल्या भेटीत पकडता आलं असतं, पट्टा नव्हता, पट्ट्या संपल्या होत्या, गाडी आली नाही, की बाई कोप्यावर होती, हे शोधावं. सिस्टरला झापून ही बैठक संपली तर पुढच्या महिन्यात सगळे आकडे पुन्हा १२०/८० होतील. म्हणून साधन कमी पडलं असेल तर ते आणून देण्याची तारीख त्याच बैठकीत डॉक्टरांनी लिहून द्यावी.

आणि कंत्राटी सिस्टर बदलत राहतात, समुदाय आरोग्य अधिकारी बदलून जातात. नवी आली की पुढच्या बॅचची वाट बघू नका. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिला दोन एएनसी दिवस शेजारच्या उपकेंद्रातल्या, परीक्षा पास झालेल्या सिस्टरजवळ बसवा, आणि पाच बायांची चाचणी होईपर्यंत तिनं घेतलेलं प्रत्येक बी.पी. दुसऱ्या कुणीतरी पुन्हा घ्यावं.